दुसरा फोटो

“आधी ओठ मिटून एक. मग लगेच दात दाखवून एक. पहिला ऑफिसात द्यायचा, दुसरा आपल्या घरी ठेवायचा. कळलं का गं, अलिवेलू? पहिला गेला आणि दुसरा काढायचाच राहिला, तर मग आपण भिंतीवरच राहतो.”

राजमणी अक्काचे हे शब्द अलिवेलूला आता रोज पहाटे आठवत. कार्तिक लागल्यापासून तिचा नेम होता. उजाडायच्या आत अंगावर गार पाणी घ्यायचं, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपुढे तुपाची वात लावायची, आणि वात शांत होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नेमकी तेवढ्याच वेळात पाठीमागच्या खोलीतून चौकशी होई, “झालं का गं? हसू आता?”

नेम मोडायचा नाही म्हणून ती उत्तर देत नसे. वात विझली की वळून बघे. खोलीत कॉट, गॅस, दोरीवरची साडी. कुणी नाही. कृष्णानगरच्या त्या खोलीत ती एकटीच राहत होती आणि अक्काला जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या शुक्रवारी, कार्तिक वद्य पंचमीला, तेनालीला अक्काच्या मुलाकडे तिचं वर्षश्राद्ध होतं.

अक्का नात्यातली नव्हती, धंद्यातली होती. बावीस वर्षांमागे काकिनाड्याची नाटकमंडळी मोडली आणि अलिवेलू हैदराबादला आली, तेव्हा तिला काम करायला येत होतं, मागायला येत नव्हतं. ते अक्कानं शिकवलं. कापडी पिशवीत बारा फोटो घालायचे आणि दर शुक्रवारी ऑफिसं पालथी घालायची. मॅनेजरला ‘काम द्या’ म्हणायचं नाही. ‘तुमच्याकडचा फोटो जुना झाला असेल, नवा द्यायला आले’ म्हणायचं. चहा विचारला तर कधीच नको म्हणायचं नाही. “चहा गरम असेस्तोवर माणूस आपल्याकडे बघतो,” अक्का म्हणायची, “म्हणून फुंकर न घालता प्यायचा.”

अक्काची स्वतःची ओळख एकच होती. ती भिंतीवरची आई होती. सिनेमा असो की मालिका, घर म्हटलं की एक वारलेली आई लागतेच. मुलगा पहिल्या नंबरानं पास झाला की तिच्यापुढे पेढा ठेवतो, सुनेला सासू बोलली की ती तिच्यापुढे येऊन रडते. अक्का एकही वाक्य न बोलता चाळीसेक सिनेमांत होती. रुंद कपाळ, मोठं कुंकू, मिटलेले ओठ. लोक बाजारात तिला बघून दचकायचे. एका म्हातारीनं तर भेंडी निवडता निवडता हातच जोडले होते.

पण जिवंत बाईचा असा फोटो काढायचा तर त्याचा एक रिवाज आहे, आणि तो सगळे पाळतात. चौकटीला हार चढायच्या आधी त्या बाईनं एकदा हसायचं, तोंड भरून, आणि त्या हसण्याचाही फोटो काढायचा. देवाधर्माची टिंगल करणारे कॅमेरावालेसुद्धा दुसऱ्यांदा बटण दाबतात. पहिला फोटो भिंतीचा, दुसरा बाईचा. अक्काचा वरचा डावीकडचा एक दात पडलेला होता, त्यामुळे तिचा दुसरा फोटो कुठल्या कामाचा नसे. तिला मात्र तोच आवडायचा.

“मी खरीच गेले ना, की माझ्या घरी हसरा लाव हं,” एकदा दोघी उपमा खात बसल्या असताना ती म्हणाली होती. “आमचा लेक शेषगिरी साधा आहे, त्याला नाही कळायचं. धंद्याच्या तोंडापुढे घरात पान वाढू देऊ नकोस. दे हात.”

“काहीतरीच बोलतेस सकाळी सकाळी.”

“हात दे म्हटलं ना.”

अलिवेलूनं उपम्याचा हात पदराला पुसून दिला होता.

आणि मागच्या वर्षी असं झालं. एका मालिकेला अक्काचा नवा फोटो दुपारी दोनच्या आत हवा होता. मोबाइल अलिवेलूचा. गच्चीवर पांढरी चादर टांगून तिनं पहिला फोटो काढला, छान आला. खाली रिक्षा येऊन थांबली होती. अलिवेलूला तीन वाजता एका जाहिरातीच्या निवडीला जायचं होतं.

“झालं का गं? हसू आता?” अक्कानं विचारलं.

“संध्याकाळी काढते, अक्का. रिक्षा थांबलीय.”

जिना उतरता उतरता तिनं मागे बघितलं. अक्का चादरीपुढे तशीच बसली होती. भर उन्हात, समोर कुणी नसताना, रिवाज म्हणून हसत होती.

ती संध्याकाळ राहून गेली. दुसरीही. अकराव्या दिवशी अक्का झोपेतच गेली.

बाराव्याला अलिवेलू तेनालीला गेली, तर ओसरीवर तोच फोटो. घरात मोठा असा फोटोच नव्हता. अक्काची जुन्या फोटोंची पेटी पाण्याच्या टाकीखाली भिजून लगदा झाली होती. म्हणून शेषगिरीनं सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या यादगिरीकडे एखादा चांगला फोटो मागितला होता, आणि यादगिरीनं भल्या मनानं चौकटीसकट, चंदनाच्या हारासकट देऊन टाकला होता. वाऱ्यानं चौकट हलली तेव्हा मागचे खडूचे शब्द अलिवेलूला दिसले : आई, नंबर तीन.

शेषगिरी म्हणाला, “किती शांत दिसते ना हो अम्मा?”

ती हो म्हणाली. दुसरं काय सांगणार? दुसरा लावा म्हणावं, तर तो होता कुठे?

तेव्हापासून अक्का तिला भेटत राहिली. एका मालिकेत ती शेजारीण झाली, तर दिवाणखान्यात अक्का. दुसरीकडे नर्स झाली, तर डॉक्टरच्या घरी अक्का. अक्काच्या प्रिंटा काढून ठेवल्या होत्या आणि यादगिरी त्या घरोघर फिरवत होता. “मेल्यावरही वेळेवर कामावर येणारी हीच एक बाई,” तो म्हणायचा, आणि सेटवरचे सगळे हसायचे. अलिवेलू वर बघायची. बाकीच्यांना त्या चेहऱ्यावर शांती दिसत असे. तिला माहीत होतं की ते ओठ नुसते मिटलेले नाहीत. पुढच्या क्षणी हसायचं म्हणून हसू दाबून धरलेलं आहे. वर्षभर धरलेलं. प्रत्येक भेटीत ते ओठ तिला थोडे अधिक आवळल्यासारखे वाटत, श्वास कोंडून बसलेल्या माणसाचे असावेत तसे.

अशात प्रणती भेटली. सत्तावीस वर्षांची, चटपटीत, यूसुफगुड्याला तिसऱ्या मजल्यावर नटांना आपलं नाव बाजारात कसं आणायचं ते शिकवणारी. कृष्णानगरातल्या चौघींनी तिच्या जिवावर बरी कामं मिळवली होती, म्हणून अलिवेलूही गेली.

“आंटी, तुम्ही काय काय करता?” प्रणतीनं विचारलं.

“सगळं करते गं. नर्स, भाजीवाली, मोठी जाऊ, कोर्टातली साक्षीदार. मागच्या महिन्यात तर भूत झाले होते.”

“म्हणूनच तुम्ही कुणाच्या लक्षात राहत नाही.” हे ती इतक्या मायेनं म्हणाली की राग येईना. “सगळं मिळेल असं लिहिलेल्या दुकानात कुणी मुद्दाम जातं का? तुमचं एकच काहीतरी पाहिजे. चेहरा बघितला की नाव आठवलं पाहिजे. आणि तेही सात सेकंदांत. सात सेकंदांपुढे कुणी बघत नाही.”

अलिवेलू सेहेचाळीस वर्षांची होती. बावीस वर्षांत तिला रस्त्यात कुणी ओळखलं नव्हतं. एकदा एका माणसानं थांबवलं होतं, पण त्याला पोस्टातली कारकून हवी होती.

प्रणतीनं तिला खिडकीशी बसवलं, पांढरी साडी नेसवली, मोठं कुंकू लावलं. “ओठ मिटा. काही आणू नका चेहऱ्यावर. अशाच बसा.” फोटो झाला. प्रणती मोबाइलकडे बघत राहिली. “आंटी, राजमणी अम्मा गेल्यापासून ही जागा रिकामीच आहे. अहो, तुमच्यासाठीच ठेवलीय.”

“आता एक हसरा काढ,” अलिवेलू म्हणाली.

“नको. चुकून कुठे गेला तर सगळं मुसळ केरात.”

“अगं, रिवाज आहे तो. घरी ठेवायचा असतो.”

“रिवाज सिनेमावाल्यांचा, आंटी. हे मार्केटिंग आहे.” आणि तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

चारच दिवसांत प्रणतीचा फोन आला. तुपाची मोठी जाहिरात होती. मुलगी पोळीवर तूप वाढते आणि भिंतीवरून आई बघते. वर्षभराचा करार, दोन्ही तेलुगू राज्यांत रस्तोरस्ती फलक. कंपनीला अलिवेलूचा चेहरा पसंत होता. अट एकच. तिच्या अकाउंटवर दात दिसणारा एकही फोटो, एकही व्हिडिओ राहता कामा नये. भिंतीवरची आई परवा कुणाच्या लग्नात खिदळताना दिसली तर तूप कोण घेणार? गुरुवारपर्यंत सगळं काढून टाकायचं, शुक्रवारी सकाळी दहाला शूटिंग.

“शुक्रवारी?”

“शुक्रवारच. का, उपास आहे का? चालेल, तुम्हाला तूप खायचं नाहीये, नुसतं बघायचंय.”

अलिवेलू हसली आणि बरं म्हणाली. पंचमी तिला आठवली फोन ठेवल्यावर. मग तिनं मनाची समजूत घातली. आपण जाऊन तरी काय करणार? रिकाम्या हातानं त्याच ओसरीवर, त्याच चौकटीपुढे बसणार.

बुधवारी तिला एका मालिकेत मावशीचं काम होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यादगिरीनं सामानाच्या खोलीतून हाक मारली. “अलिवेलू अम्मा, ये, ये. तुला तुझं घर दाखवतो.”

आत फळीवर तसबिरी ओळीनं उभ्या होत्या. मिशीवाले आजोबा, फौजी भाऊ, टोपीतले मास्तर. मग अक्का. आणि अक्काला टेकून, नवी कोरी चौकट, वर चंदनाचा हार. पांढरी साडी, मोठं कुंकू, मिटलेले ओठ.

“त्या पोरीनं फोटो पाठवला. म्हटलं, करून ठेवावा, लागतोच,” यादगिरी खुशीत सांगत होता. “मस्त उतरलीस. दोघी बहिणी शोभता बघ. राजमणी अम्मालाही कंटाळा आला असेल एकटीला.”

अलिवेलूनं चौकट उलटी केली. खडू अजून ताजा वाटत होता. आई, नंबर चार.

“हार काढ, यादगिरी.”

“का? जमला नाही का?”

“मी हसले नाहीये अजून.”

यादगिरीचा हात पाठीवर खाजवता खाजवता थांबला. तीस वर्षं त्या धंद्यात काढलेला माणूस; त्याला पुढे सांगावं लागलं नाही. त्यानं हार उतरवून खिळ्याला अडकवला आणि खाली बघत म्हणाला, “मला सांगितलं असतं कुणी तर... मला वाटलं काढला असेल.” मग जरा वेळानं, “राजमणी अम्माचा काढला होता ना?”

ती बाहेर आली.

गुरुवारी पहाटे तिनं वात लावली. पाठीमागून हाक आली नाही. वात विझेपर्यंत ती कान देऊन बसली, पण खोली गप्प होती. इतके दिवस जिची भीती वाटत होती ती हाक आली नाही, आणि आता तिला त्याचीच भीती वाटली. अक्का थांबून थांबून दमली का? की आता विचारायचं कारणच उरलं नाही, फळीवर जोड मिळाली म्हणून?

चहा करून ती मोबाइल घेऊन कॉटवर बसली. पुसायचं काम बाकी होतं. भाचीच्या लग्नातलं हसणं, पुसलं. नाटकाच्या बसमधलं, पुसलं. चिंचेच्या झाडाखाली गोंगुऱ्याची भाजी निवडताना कुणीतरी काहीतरी बोललं होतं आणि सगळ्या जणी लोळत होत्या, तेही पुसलं. दर वेळी मोबाइल विचारी, नक्की का? ती हो म्हणे. शेवटी तळाशी एकच व्हिडिओ राहिला, पाच वर्षांपूर्वीचा, तिचा पहिलावहिला. नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू. एकतीस जणांनी बघितला होता. स्वतःचा तो अवघडलेला चेहरा तिला बघवत नसे. चार सेकंदांतच ती बंद करी. त्या दिवशी मोबाइल अक्कानं धरला होता एवढं आठवत होतं.

पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून तिनं लावला. अक्काचा हात होता पडद्याआड, तेवढ्यासाठी.

नाव झालं. वय झालं, तीन वर्षं कमी सांगितलेलं. डावी बाजू, उजवी बाजू. “हं, आता दात दाखव,” पडद्याआडून अक्का म्हणाली. व्हिडिओतली अलिवेलू हसली. आणि तिथे संपायला हवा होता तो, पण संपला नाही. “बंद कुठून करायचं गं हे?” अक्काचा आवाज. पडदा गरगरला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि अक्काचं अगदी जवळ आलेलं नाक. बटण शोधता शोधता तिनं कॅमेरा स्वतःकडेच फिरवला होता. “हे लाल? लाल दाबलं तर जाईल का गं सगळं?” मागून अलिवेलू तिच्या खांद्यावर रेलून, हसून हसून लोटपोट. “अगं अक्का, आता तूच दिसतेयस!” आणि अक्कानं वर बघितलं, सरळ मोबाइलमध्ये, आणि तिला हसू फुटलं. तोंड भरून. डावीकडच्या पडलेल्या दातासकट.

पाच वर्षं ते तिथेच होतं, सात सेकंदांच्या पलीकडे.

अलिवेलूनं पाच-सहा वेळा बघितलं. मग हुंदका आवरेना तेव्हा मोबाइल तुळशीच्या कुंडीशी ठेवला आणि तोंड धुतलं.

खालच्या गल्लीतल्या फोटोवाल्यानं व्हिडिओ थांबवून दोन-तीनदा मागेपुढे केला. “अम्मा, हललेला आहे. चेहरा नीट नाही येणार.”

“येईल तसा येऊ दे.”

“मागची बाई कापू का? खांद्यावरची?”

“एकात काप. ती जिवंत आहे, तिला तिकडे नको न्यायला.” तिनं थोडा विचार केला. “दुसऱ्यात राहू दे. तो छोटा कर, घरी ठेवायचाय.”

फोटोवाल्यानं तिच्याकडे, मग पडद्याकडे बघितलं. “ही तुम्हीच की! ओळखलंच नाही हो.”

चौकट होईपर्यंत तिनं दुकानाच्या पायरीवर बसून प्रणतीला फोन लावला.

“शनिवारी चालेल का गं?”

“शनिवारी? आंटी, स्टुडिओ उद्याचा आहे, कंपनीची माणसं विमानानं येतायत. काय झालं? ताप आलाय?”

“तेनालीला जायचंय. राजमणी अक्काचं वर्षश्राद्ध आहे. तिचा फोटो बदलायचाय.”

“फोटो बदलायचा?” “मग कुरिअर करा ना! उद्या सकाळी पोचेल.”

“कुरिअरवाला हार उतरवेल का?”

“आंटी, ऐका माझं. यादीत दुसरी बाई आहे. गुंटूरची आहे, तिचेही ओठ छान मिटतात. तुम्ही नाही म्हणालात तर संध्याकाळच्या आत तिला हो म्हणतील. अशी संधी परत येत नसते. बावीस वर्षं तुम्ही...” बावीस वर्षांचं वाक्य तिला पुरं करवलं नाही.

“तिला सांग, आधी हसरा काढून घे म्हणावं,” अलिवेलू म्हणाली. “विसरू नकोस हं, राणी. आणि माझा तो फोटो यादगिरीकडून काढून घे. मी देणार नाही आता.”

मग प्रणतीनं विचारलं, “ते सगळे व्हिडिओ पुसलेत का तुम्ही?”

“एक राहिला.”

दुपारी तिनं पोळीभाजी बांधून घेतली. धाकटी तसबीर देवाच्या फळीच्या बाजूला खिळ्याला लावली आणि सरळ आहे का ते मागे सरून बघितलं. पिशवीत दोन साड्या घातल्या. उद्याची पहाट तेनालीला उजाडणार, म्हणून वाती, काडेपेटी आणि वाटीभर तूप डबीत घेतलं. नेम चुकवायचा नव्हता. मोठी तसबीर तिनं जुन्या सुती साडीत गुंडाळली. गुंडाळताना चेहरा आधी आतल्या बाजूला आला. तिनं पुन्हा सोडलं, चेहरा बाहेर, वाटेकडे केला, आणि मग गाठ मारली.

कुलूप लावून तिनं किल्ली कमरेला खोचली. जिन्यात शेजारची पद्मावती तांदूळ निवडत बसली होती. “कुठे गं, शूटिंगला?”

“नाही. तेनालीला.”

“फोटो कुणाचा तो?”

“अक्काचा.”

पद्मावतीनं पाय आखडून वाट दिली. अलिवेलू तसबीर छातीशी धरून एकेक पायरी उतरली, आणि चौकातून बसस्टँडकडे वळली.